भाऊसाहेबांची आणेवारी

भाऊसाहेब जगातली कुठलीही गोष्ट आण्यांत मोजत. पुढे चहा ठेवला की एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "चौदा आणे. दोन आल्याचे कापले." देवळातल्या कीर्तनकाराचा गळा नऊ आणे, नव्या पोस्टमास्तरांचा स्वभाव पाच आणे, धुकं जाऊन ऊन पडलं तर सकाळ पुरी सोळा आणे. मी लोणावळ्याच्या शाळेत बाई म्हणून लागले आणि भांगरवाडीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला टाचेपासून वेणीपर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून हाक दिली, "शकू, बाई धा आणे हायेत. बघू, वाढतील." माझा असा संताप झाला की ट्रंक उचलून तशीच स्टेशनवर परत निघाले होते. पण आतून शकू आली आणि तिने ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. पुढे बारा वर्षं मी त्या खोल्यांत राहिले. मी किती आणे झाले हे त्यांनी मला नंतर फक्त एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. गावोगावचे लोक तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, तेच त्यांना चिकटलं. मावळात तीस वर्षं त्यांनी तलाठ्याचं काम केलं होतं. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलंय त्यांना आणेवारी सांगायला नको. पीक पुरं आलं तर सोळा आणे, अर्धं आलं तर आठ. आणेवारी फारच खाली लागली तर शेतसाऱ्यात सूट मिळायची. शेतात त्या साली काहीच घेतलं नसेल तर पिकाच्या रकान्यात 'पड' असा एकच शब्द लिहायचा. पुढे नवे पैसे आले, सरकारनेही आणेवारीची पैसेवारी केली. भाऊसाहेबांनी केली नाही. "शंभरात मोजायला डोकं लागतं," ते म्हणत, "सोळा डोळ्यात मावत्यात."

ही आणेवारी दोनदा व्हायची. पीक उभं असताना एकदा नुसत्या नजरेने, आणि कापणी-मळणी झाल्यावर एकदा पक्की. नजरेची आणेवारी करताना भाऊसाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. कार्ल्याला त्यांची दोन खाचरं होती, चुलतभाऊ कसायचा. दर दसऱ्याला ते शकूला आणि मला एस.टी.ने तिथे न्यायचे आणि बांधावरून हात मागे बांधून पुढे पुढे चालायचे. मी एकदा एक लोंबी हातात घेऊन दाणा चेपून बघायला गेले तर ओरडले, "हात मागं, बाई! आज नुसतं बघायचं. आज हात लावला तर मन चळतं, मग मानूस कच्चं कापून मोकळं होतं." शकूही त्यांच्यामागे हात बांधून चालायची. तिचे हात आखूड होते, पाठीमागे नीट पोचत नसत, मग ती एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट पकडायची.

शकू त्यांची एकुलती एक लेक. मी गेले तेव्हा ती माझ्याच वयाची, तेवीस-चोवीसची होती, पण मनाने सात वर्षांवर थांबलेली. जन्मतःच तशी. आई ती दहा वर्षांची असताना गेली. सगळं जग भाऊसाहेब म्हणतं म्हणून तीही बापाला भाऊसाबच म्हणायची. तिला बारापर्यंत अंक यायचे, पण चिंचोके मात्र सोळा बरोबर मोजायची, त्यात कधी चूक नाही. ती हसली की डोळे पार मिटून जायचे. मला तिच्याविषयी माया होती हे सांगायला मी इतकी वर्षं लावली, आता लपवायचं कशाला? मला सख्खी बहीण नाही, आणि असती तरी ती शकूच्या पासंगाला पुरली असती की नाही, शंका आहे.

भाऊसाहेबांना एकच धास्ती होती: आपल्यामागे शकूचं काय? नात्यात जीव लावणारं कुणी नव्हतं. "मी गेलो तरी हिला चाळीस वर्सं दोन येळचं ताट आन ते वाढणारी बाई मिळाली पायजे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. त्यासाठी त्यांनी आयुष्यभराची शिल्लक तीन जागी ठेवली होती. सोळातले सात आणे पोस्टात, सहा आणे दोन-चार कारखान्यांच्या शेअरांत आणि तीन आणे सोन्यात. तलाठ्याने शेअर घ्यायचे हे त्या काळी लोकांना जुगार खेळण्यासारखं वाटे. पण एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या शेटजींच्या जमिनीची मोजणी करताना त्यांनी ते शिकून घेतलं होतं. पोस्टातला पैसा बुडत नाही पण वाढत्या महागाईला पुरत नाही, शेअर वाढतात पण पडतातही, आणि सोनं संकटात उभं राहतं, हा त्यांचा हिशेब. अवघड भाग पुढचाच होता. वर्षभरात हे सात, सहा आणि तीन आपल्या जागी राहत नाहीत. एक ढीग फुगतो, दुसरा बसतो. ते परत सारखं करायचं, पण किती वेळा?

ते वर्षातून एकदा करत. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी. कै. वहिनी, म्हणजे शकूची आई, त्या दिवशी लक्ष्मीचा घट मांडायच्या आणि भाताची मळणीही तोवर उरकलेली असायची. दसऱ्याला ते सगळ्या कागदांवरून नुसती नजर फिरवत, अर्थात हात मागे बांधून, आणि वहीत काहीतरी टिपून ठेवत. गुरुवारी पक्की आणेवारी. ओटीवर घोंगडी पसरली जाई, शकू न्हाऊन, नवं पातळ नेसून, पत्र्याची डबी घेऊन बसे. डबीत सोळा चिंचोके. भाऊसाहेब चष्मा लावून वहीतून सांगत आणि शकू चिंचोके तीन ढिगांत मांडे. एक चिंचोका म्हणजे सगळ्या शिलकीचा सोळावा हिस्सा. मग ते म्हणत, "शकूताई, शेअरात आट झाल्यात. दोन उचला. एक पोस्टात, एक सोन्यात." शकू चिंचोका दोन बोटांत धरून दुसऱ्या ढिगावर असा ठेवायची, जणू तो कापराचा दिवा आहे. तिने हलवल्याशिवाय तो हललाच नाही असं समजायचं, असा नियम होता. त्यानंतरच्या सोमवारी दोघं पुण्याला जात. दलालाकडे काम उरकत, आणि मग शकूला बागेतला हत्ती बघायला मिळे. त्या हत्तीसाठी ती वर्षभर दिवस मोजायची.

माझीही थोडी शिल्लक त्यांनी अशीच लावून दिली. पण मी शिकलेली, त्यामुळे मला जास्त कळत होतं. सकाळच्या गाडीने वर्तमानपत्र यायचं, शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांत आधी भावांचं पान उघडायची. वाढलं की वाटे विकावं, पडलं की वाटे पळावं. एका वर्षात मी नऊ वेळा विकलं-घेतलं. मार्गशीर्षात भाऊसाहेबांनी माझे कागद चाळले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, दलालाचं पोरगं तुमच्या पैशावर शिकतंया. तेला पास तरी होऊ द्या." माझा दीड आणा नुसत्या दलालीत गेला होता. मी काहीतरी कारणं सांगायला लागले तेव्हा त्यांनी आत हाक मारली, "शकू, लावलेलं रोप रोज उपटून मूळ बघनाऱ्याची आणेवारी किती?" आतून लगेच उत्तर आलं, "शून्य!" आणि दोघं बापलेक हसत सुटले. मला हसू येत नव्हतं, पण मग आलं.

माझ्यासारख्यांना ते हसत, पण गार्डसाहेबांना हसले नाहीत. हे पलीकडच्या आळीतले रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांनी फंडाची सगळी रक्कम एका गिरणीच्या शेअरात घातली, कागद ट्रंकेत टाकला आणि अकरा वर्षं ट्रंक उघडलीच नाही. इंग्रजी पत्रं यायची तीही न फोडता ट्रंकेत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते गठ्ठा घेऊन भाऊसाहेबांकडे आले. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. भाऊसाहेबांनी एकेक पत्र वाचलं आणि पुन्हा घडी घालून ठेवलं, चहा मागवला, आणि त्या दिवशी चहाचे आणे काही सांगितले नाहीत. गार्डसाहेब गेल्यावर मला म्हणाले, "रोज बघनारा येडा. कदीच न बघनारा तेच्याहून येडा. वर्सातनं एकदा बघावं, आन बघितलं की सारखं करावं. येवढंच हाय बगा, बाई."

"पण मधेच काही मोठं झालं तर?" मी शाळेतल्या सवयीने शंका काढली.

"दोन आण्यापतोर हललं तर हललंच न्हाई समजायचं. सुगीपतोर तेचं तेच जाग्यावर येतं. चार आणे हललं, तर मग मार्गशीर्ष न्हाई का गुरवार न्हाई. उठायचं आन हात लावायचा."

"आणि तीन?"

"तीन आणे हललं की रातीला झोप येत न्हाई. तवा तेला चारच धरायचं."

हा दोन आण्यांचा नियम मी वहीत लिहून ठेवला, वर्गात मुलींना गणित म्हणून घातला, आणि त्या नियमाने माझं कल्याणही झालं. लढाईच्या साली सगळीकडे घबराट होती. आमच्या शाळेतले मास्तर मिळेल त्या भावाने शेअर विकत होते. गुरुवारी शकूने ढीग मांडले तेव्हा शेअरांत चारच चिंचोके उरले होते, पोस्टात आठ आणि सोन्यात चार. भाऊसाहेब म्हणाले, "उचला शकूताई, पोस्टातला एक, सोन्यातला एक. टाका पडक्यात." सोन्यातला एक म्हणजे वहिनींची पाटली होती. ती मोडताना त्यांचा चेहरा मी पाहिला. तरी मोडली. दोन वर्षांनी त्या पडक्यानेच पाटली परत केली आणि वर एक गोफ दिला. तेव्हापासून भाऊसाहेबांचा शब्द म्हणजे माझ्या लेखी वेदवाक्य झालं. तिथेच माझं चुकलं, असं आता वाटतं.

कारण माणसाच्या हाताला एक हत्यार बसलं की तो त्याने सगळंच कापायला बघतो. भाऊसाहेबांनी घराची कौलं, गाईचं दूध, माझा खोकला, सगळं या नियमात बसवलं होतं. दसऱ्याला नजर, मार्गशीर्षात पक्की, मधलं दोन आण्यांचं सोडून द्यायचं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबर ठरायचं.

मी तिथे राहायला गेल्याच्या नवव्या वर्षीचा तो दसरा. आम्ही कार्ल्याला गेलो. बांधावरून चालताना शकू मधेच खाली बसली. तिचे पाय सुजले होते, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. पावसाळ्यात तिचे पाय थोडे सुजत आणि दिवाळीपर्यंत उतरत, हे आम्हाला माहीत होतं. या वेळी ती धापही टाकत होती. भाऊसाहेब तिच्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. हात मागे बांधलेले होते. मग म्हणाले, "थंडी पडली की उतरंल." घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, काळजाचं वाटतंय, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणा, फार लांबवू नका. भाऊसाहेबांनी मान हलवली. "मार्गशीर्षात जानारच हाय पुण्याला. दलालाचं काम, डाक्टर आन हत्ती, तिन्ही एकदमच." हत्तीचं नाव ऐकून शकूने टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे धोंडाबाई यायची. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर राहायची, आठवड्याला मोळी आणून टाकायची आणि शकूसाठी पदरात काहीतरी बांधून आणायची, कधी करवंदं, कधी रानातली फुलं. दिवाळीनंतर तिने मोळी टाकली, शकूचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. ती ताडकन उठली. "भाऊसाब, ह्ये काय न्हाई बरं. पोरीच्या पायात पानी उतारलंया, आन तुमी म्हैनं मोजताय व्हय?"

भाऊसाहेब म्हणाले, "धोंडे, मी बघितलंय. ध्यानात हाय."

"नुसतं बघून काय हुतंय? आमी शेरडू आजारी पडलं तरी तवाच उचलून खाली आनतो. ह्यो तर पोटचा गोळा हाय!" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमी तरी सांगा की."

मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "अगं, पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. भाऊसाहेबांना कळतं." या वाक्याने मला आजवर सुखाने झोपू दिलेलं नाही. मला दिसत होतं. शकू पायरी चढताना थांबत होती, उशीला टेकून बसल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. पण मी त्यांच्यापुढे नऊ वेळा विकून-घेऊन हसं करून घेतलेली बाई होते. आपण पुन्हा उतावीळ ठरू, या भीतीने मी गप्प बसले.

कार्तिक संपत आला होता. त्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा शकू ओटीवर उन्हात बसून चिंचोके मांडायचा सराव करत होती. तिने विचारलं, "बाई, आज गुरवार?"

"नाही गं, आज मंगळवार. हा एक गुरुवार सोडून पुढचा."

"लांब हाय," ती म्हणाली.

मी छत्री काखेत मारून निघाले. तिसरा तास चालू असताना शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी धावत घरी पोचले तेव्हा आळीतली माणसं अंगणात होती. शकू ओटीवरच आडवी होती, कुणीतरी तिच्या डोक्याखाली घोंगडीची घडी घातली होती. डॉक्टर येऊन गेले होते. भाऊसाहेब तिच्या पायाशी उभे होते, ताठ, आणि हात मागे बांधलेले. मी त्यांना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खांद्यावरून वळून स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि ते हात सोडवून पुढे आणले. "बाई," ते म्हणाले, "हात लावायला पायजे हुता." मग ते खाली बसले, शकूचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, आणि धोंडाबाईने दाबला होता तिथेच अंगठ्याने चोळत राहिले. मी त्या आधी कुणा म्हाताऱ्या माणसाला असं रडताना ऐकलं नव्हतं. देव करो आणि पुन्हा ऐकायला न लागो.

तो गुरुवार आला. मला वाटलं, या वर्षी काही होणार नाही. पण सकाळी बघते तर ओटीवर घोंगडी पसरलेली, आणि भाऊसाहेब वही घेऊन बसलेले. समोर डबी. मी जाऊन शकूच्या जागी बसले, म्हटलं, "मी मांडू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुमी हलवल्यालं धरायचं न्हाई, बाई. तसा नेम हाय." मग त्यांनी टाक उचलला, वहीत काहीतरी लिहिलं, एखादाच शब्द असावा, आणि वही मिटली. डबी उघडली नाही.

त्यानंतरचे भाऊसाहेब मला अनोळखी होते. चाळीस वर्षांच्या ताटासाठी साठवलेला पैसा होता आणि जेवणारं माणूस नव्हतं. ते धोंडाबाईच्या वाडीवर जायला लागले. तिथे कुणाला ताप, कुणाचं पोट, कुणी बाळंतीण अडलेली, की हे त्याच दिवशी खाली घेऊन येत, गाडीत घालून पुण्याला नेत. पैसा लागला की शेअर विकत, भाव न बघता. वर्षातून पाच-सहा वेळा. दलाल खूश होता. पोस्टातली सर्टिफिकिटं मुदतीआधी मोडली. वहिनींची पाटली दुसऱ्यांदा मोडली, ती या वेळी परत आली नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊसाहेब, निदान आपल्यापुरतं तरी सारखं ठेवा." ते म्हणाले, "पैक्याचा नेम खोटा न्हाई, बाई. तुमी तुमचं वर्सातनं एकदाच बघा. माझा नेम चुकला न्हाई. मी तो नको तितं लावला." आणि हात मागे बांधून उभं राहायची सवय त्यांनी मोडली होती. कुणाशी बोलताना ते त्याच्या मनगटाला, कपाळाला हात लावायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं.

तिसऱ्या वर्षी त्यांनाच खोकला धरला. आठ दिवस ऐकला आणि नवव्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला, टांगा आणला आणि त्यांना सकाळच्या गाडीत बसवलं. ते चिडले नाहीत. खिडकीशी बसून मळवलीच्या पुढची कापलेली शेतं बघत होते. मधेच वळून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बाई, पंधरा आणे झालात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक कुठे गेला?"

"धोंडा बोलली तवा गप बसलात, त्यो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माजं तर सगळंच गेलं. तुमचा एकच गेलाय, जपा."

पुण्याच्या इस्पितळात ते आठवडाभर होते. शेवटी शेवटी ते वॉर्डातल्या नर्सबाईला हत्तीचं सांगत होते. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली. कपाटात डबी होती आणि वही. बाकी सोळातलं जेमतेम आणाभर उरलं होतं, ते क्रियाकर्माला आणि धोंडाबाईला गेलं.

आता माझ्या ओळखीतली माणसं मला विचारतात, बाई, पैसे लावलेत ते किती वेळा बघावेत, कधी इकडचे तिकडे करावेत? मी सांगते, वर्षातून एकदा पुरे. दोन आणे हललं तर सोडून द्या, चार हललं तर थांबू नका. मग त्यांच्या घरी कुणी आजारी आहे का, ते विचारते. लोकांना वाटतं, म्हातारीला विषय बदलायची खोड आहे.

ती वही मी पुष्कळ दिवस उघडली नव्हती. गुरुवारी ते ती स्वतःच्या हातात धरत, मला कधी आत बघायला मिळालं नव्हतं. डावीकडच्या पानावर दसरा, उजवीकडच्या पानावर मार्गशीर्ष, अशी एकेका वर्षाची मांडणी आहे. दसऱ्याच्या पानावर पोस्ट, शेअर, सोनं, कार्ल्याचं भात, आणि सगळ्यांत खाली, अगदी बारीक अक्षरात, पाचवी नोंद. 'शकू, सोळा आणे.' पुढच्या वर्षी, 'शकू, सोळा आणे.' पानामागून पान मी उलटत गेले, पोस्ट हललं, शेअर हलले, शकू सोळा आणे. शेवटच्या दसऱ्याला अक्षर तेच, शाईही तीच.

'शकू, चौदा आणे. दोन हलले. मार्गशीर्षात पक्की.'

समोर मार्गशीर्षाच्या पानावर एकच शब्द आहे. पड.